डोकी नाही, आवाज मोजायचे

रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. लेकीचे पाय सुजतात, पण डॉक्टर काळजीचं नाही म्हणाल्या, हे वाचून हायसं वाटलं. तिला म्हणावं, आत्याने बाळासाठी टोपडं विणायला घेतलंय आणि ते आत्ताच एखाद्या शाळकरी मुलाच्या मापाचं झालंय.

इकडची काळजी करू नकोस. दादा वेळेवर जेवतो. संध्याकाळी मी वरून खाली उतरते आणि आम्ही दोघं तुझ्या स्वयंपाकघरात बसून जेवतो. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. एक कुंडी माझ्या हातून फुटली. कुठली ते तू आल्यावर सांगेन.

चीनच्या सहलीबद्दल तू विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या शाळेतली अकरावीची बावीस मुलं, आणि शिक्षक म्हणून दादा आणि मी. शियानमधल्या एका शाळेत आमची मुलं तिथल्या मुलांबरोबर वर्गात बसणार, त्यांच्याच घरी राहणार, आणि शेवटी जुन्या तटबंदीवरून सायकली चालवणार. सगळ्यांचा मिळून एक व्हिसा काढायचाय. एका पोराचा पासपोर्ट काकांच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली काकांच्या खिशात, आणि काका जहाजावर. पहिल्या पालकसभेत एका आईने विचारलं, "सर, तिथे पोरांना प्यायला गरम पाणी मिळेल ना?" दादा म्हणाला, "बाई, तिथे गार पाणी मागितलं तर लोक तुम्हाला दवाखान्यात नेतील." सभा हसून हसून बेजार.

त्याचा उत्साह तुला सांगायला नकोच. तरुणपणी दोन वर्षं तिथे शिकून आला तो आला, पुन्हा जाणं झालं नाही. दोनदा सहल ठरली आणि दोनदा मोडली, ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंयस. आमच्या शाळेत चिनी येणारा तो एकटा. माझी गाडी 'नि हाओ'च्या पुढे सरकत नाही.

मुलांना त्याने चिनी आकडे शिकवलेत. प्रत्येकाला एक नंबर. कुठेही निघताना, पोचताना तो ओळीकडे तोंड करून डोळे मिटतो आणि मुलं ओरडतात, यी, अर, सान... "डोकी मोजायची नाहीत," तो मला बजावतो, "आवाज मोजायचे. गर्दीत डोकं कुणाचंही असतं." सातला चिनीत 'छी' म्हणतात. तो नंबर आला आमच्या खारीला. ही इवलीशी पोरगी, सदा काहीतरी कुरतडत असते म्हणून खार. ती असं काही नाक मुरडून "छी!" म्हणते की मोजणी तिथेच कोलमडते.

तू लिहिलंस, "फोनवर हा हल्ली माझं ऐकूनच घेत नाही, आपलंच पुराण लावतो आणि ठेवून देतो." अगं, सहल डोक्यात बसलीय, दुसरं काय. मनाला लावून घेऊ नकोस.

काल सरावाची सहल झाली. लाँचने नदीपलीकडच्या संग्रहालयात जाऊन आलो. छान झाली.

लेकीला आशीर्वाद.

तुझी नणंद


मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

"पासपोर्टाच्या काकांच्या खिशातली किल्लीसुद्धा लिहिलीस आणि सरावाला 'छान झाली' एवढेच दोन शब्द? काय झालंय ते लिही." तुझं हे वाक्य वाचून पत्र घडी घालून ठेवलं आणि दोन दिवस त्या टेबलाकडे फिरकले नाही. शाळेत मुलांच्या उत्तरातली पळवाट मला लगेच दिसते. माझी तुला दिसली.

परत येताना खार मागे राहिली. धक्क्यावर मोजणी झाली तेव्हा ती दप्तर विसरली म्हणून आत पळाली होती. तिच्या मागे आठ नंबरचा लंबू उभा असतो. त्याने तिचं 'छी'ही म्हटलं आणि आपलं 'पा'ही. मोजणी पुरी भरली. लाँच सुटली. लाँचवाल्याने मागे वळवायला साफ नकार दिला. दादाला मुलांबरोबर पुढे पाठवून मी धक्क्यावर थांबले. पुढच्या फेरीने ती आली, हसत आली. म्हणाली, "बाई, धक्क्यावरच्या काकांनी मला पेरू दिला." पोरांची खोडी होती, निभावली. दादाला आम्ही सांगितलं की ती लाँचवर खालच्या बाजूला बसली होती, म्हणून मागून उतरली.

त्याला का नाही सांगितलं, हे तू विचारणारच, म्हणून आता लिहिते. त्याने मला शपथ घातली होती की नातवंडाचं तोंड बघेपर्यंत तुझ्या कानावर घालायचं नाही. वहिनी, दादाला ऐकू येत नाही.

तू गेल्यावर त्याला ताप आला होता ना, त्यानंतर डावा कान एका सकाळी बंदच झाला. उजवाही उतरतोय. मीच त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, यंत्र लावा, सवय व्हायला काही महिने जातील, आणि गर्दीत त्याच्यावर विसंबू नका. बाहेर पडल्यावर हा म्हणतो, "चिनीत 'मा'चा सूर चुकला की आईचा घोडा होतो. ते काय कानात डबी घालून ऐकू?" मला रस्त्यात हसू आलं आणि मग तो हसत नाहीये हे दिसलं.

म्हणून तो फोनवर तुझं ऐकत नाही. तू काय बोलतेस ते त्याला कळत नाही, मग तो स्वतःच बोलत राहतो. शियानच्या शाळेशी स्क्रीनवर बोलताना म्हणतो, "आवाज तुटतोय, लिहून पाठवा." इथल्या सभांना मी त्याच्या उजव्या हाताला बसते. कुणी काही विचारलं की चिठ्ठीवर चार शब्द लिहून पुढे सरकवते. आम्हा दोघांचं हे इतकं बेमालूम जमलंय की मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण वाटत होता हे खरं.

खारीची आई शाळेत येऊन गेली. मुख्याध्यापिकांनी येत्या आठवड्यात पालकसभा बोलावलीय. मला आपल्या खोलीत नेऊन एवढंच म्हणाल्या, "तुम्ही दोघं तिथे पोरांना सांभाळाल ना? माझ्या डोळ्यांत बघून सांगा." मी बघितलं आणि हो म्हटलं.

काल दादा चहा गाळत होता. मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि सगळं बोलले. पोर मागे राहिली होती. तू नेऊ नकोस या मुलांना. मी मुख्याध्यापिकांना सांगणार आहे. नेहमीच्या आवाजात, स्पष्ट. तो वळला आणि म्हणाला, "कधी आलीस? घेणार का घोटभर?"

मी घेतला.

तू लेकीला यातलं काही सांगू नकोस. तूही घाईने काही करू नकोस. सभा होऊ दे.

तुझी नणंद


शनिवार, २२ फेब्रुवारी

वहिनी,

आज नमस्कार-चमत्कार नाहीत. आधी लिहून टाकते, नाहीतर पुन्हा कुंड्यांकडे वळेन.

मागच्या पत्रात लंबूची खोडी म्हणून लिहिलं. ती खोडी नव्हती. मी त्याला एकटा गाठून विचारलं, तेव्हा तो सहा फुटी पोरगा रडला. म्हणाला, "बाई, सरांना ऐकू येत नाही, आम्हाला केव्हाचं माहीत आहे. शेवटचा नंबर झाला की आम्ही सरांच्या बुटाला हळूच बूट लावतो. मग ते डोळे उघडतात. पण मध्येच कुणी अडकलं तर सर नुसते डोळे मिटून उभे राहतात. लोक बघतात. एकदा दोन माणसं हसली. म्हणून आम्ही ठरवलं, कुणाचा राहिला तर शेजारच्याने म्हणायचा. मोजणी थांबू द्यायची नाही."

बावीस मुलांनी आपापसांत हे ठरवलं, पाळलं, आणि घरीसुद्धा बोलली नाहीत.

आता माझं. मी ओळीच्या टोकाला उभी होते. 'छी' आणि 'पा' मी एकाच आवाजात ऐकले. मला तेव्हाच कळलं. मागून ताडून नाही पाहिलं वहिनी, तेव्हाच, धक्क्यावर. थांबवायला एक शब्द पुरला असता. पण थांबवलं असतं तर सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं की सात गाळला गेला आणि सरांना पत्ता नाही. मी मनाशी म्हटलं, असेल इथेच कुठेतरी, लाँचवर बसल्यावर बघू. आणि चढले.

दोरी सुटली तेव्हा ती धक्क्याच्या कडेपर्यंत धावत आली. "सर! सर!" करून ओरडत होती. दादा मागच्या कठड्यालाच टेकून उभा होता, तिच्याकडे पाठ करून. पुलाच्या कमानी कशा बांधल्या ते मुलांना सांगत होता. मुलं त्याच्या खांद्यावरून तिला बघत होती आणि एकही बोलत नव्हतं. मी लाँचवाल्याकडे धावले, ते उशिरा. पेरू, हसणं, सगळं खरं. पण ती उतरली तेव्हा तिचा आवाज बसला होता, ते मी लिहिलं नव्हतं.

परवा सभा झाली. माझी जागा नेहमीची, त्याच्या उजव्या हाताला. समोर कागदाचे तुकडे कापून ठेवलेले. विमा, कपडे, औषधं, सगळे प्रश्न येत गेले, मी लिहीत गेले, तो उत्तरं देत गेला. एका बापाने विचारलं, चीनमध्ये पोरगं हरवलं तर? मी लिहिलं: हरवलं तर? तो म्हणाला, "आमच्या मोजणीतून मुंगी सुटत नाही." काही पालक हसले. मागच्या बाकावरची मुलं खाली बघायला लागली.

मग खारीची आई उठली. भाजीची पिशवी हातातच होती. म्हणाली, "सर, माझी मुलगी धक्क्यावरून तुम्हाला हाका मारत होती. तुम्हाला ऐकू आल्या नाहीत का?"

दादा माझ्या हाताकडे बघत होता. मी पेनाला टोपण लावलं.

वहिनी, त्याने एकदा टोपणाकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. त्याच्या कपाळावरची शीर तुला माहीत आहे ना, ती. मुख्याध्यापिका खाकरल्या. खारीची आई म्हणाली, "बघा, आता बोलत नाहीत." मागून लंबू अर्धवट उठला, काहीतरी सावरून घ्यायला. मी त्याला हाताने बसवलं. हे मी कुणासाठी करत होते, पोरांसाठी की स्वतः सुटण्यासाठी, ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं. आत्ताही नाही.

मग दादा उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघून पुन्हा विचारा. सावकाश."

त्या बाईने पिशवी खाली ठेवली. पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात धार नव्हती.

"ती मागे राहिली होती?" दादाने विचारलं. तिला नाही, मागच्या बाकावरच्या मुलांना. खारीनेच मान हलवली.

"हाका मारल्यास?"

तिने पुन्हा मान हलवली.

"मला आल्या नाहीत," तो म्हणाला. "येणारही नाहीत यापुढे. मी या मुलांना घेऊन जाऊ शकत नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. माझ्या बहिणीने नाही, मी." आणि खाली बसला. शेवटचं वाक्य कशासाठी म्हणाला ते मी सारखी घोळवते आहे. त्याने मला वाचवलं की मोडीत काढलं?

सभा संपल्यावर तो पुढे, मी मागे. चौकात डावीकडून ट्रक येत होता, मी त्याची बाही धरून ओढली. ट्रक गेला. तो म्हणाला, "सोड." तेवढंच.

सहल रद्द नाही. त्याच्याबरोबर तिथे शिकलेली एक जण आहे, आता दुसऱ्या गावात चिनी शिकवते. तिला त्यानेच कळवलं, त्याच संध्याकाळी. ती यायला तयार आहे. तो अजूनही शाळा सुटल्यावर मुलांना शिकवतो, रस्ता कसा विचारायचा, आजारी असल्याचं कसं सांगायचं. मुलं त्याच्यासमोर बसून तोंडं मोठ्ठी उघडून बोलतात. मी दारातून बघते आणि आत जात नाही.

माझ्याशी तो बोलत नाही. जेवायला बसतो, पण ताटावरून नजर वर उचलत नाही. वर बघितलंच नाही की माझं ऐकावं लागत नाही. काल मी टेबलावर हात आपटला. त्याने आमटीची वाटी सांडू नये म्हणून धरली आणि जेवत राहिला.

शपथ मोडली आहे, तेव्हा ही पत्रं त्याला दाखवायची असतील तर खुशाल दाखव. पोर मागे राहिल्याचं त्याला सांगायला हवं होतं, हे पक्कं. चारचौघांत त्याला तसं उघडं पाडायला हवं होतं का, याचं उत्तर मला सापडत नाही. घरी, समोरासमोर, त्याच्याकडे बघून बोलण्याची हिंमत मला झाली नाही म्हणून पालकसभा लागली.

लेकीचं बघून, तुला जमेल तसं त्याच्याकडे ये, किंवा त्याला लिही. मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. माझी समजूत घालू नकोस आणि माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. त्याच्या बाजूला आत्ता कुणीही नाही.

तुझी,
आणि तो नको म्हणाला तरी त्याची,
धाकटी