समोरचं सगळं स्पष्ट

३ मार्च

आज पुन्हा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. दुकानात तर चष्म्याच्या फ्रेमांचा अख्खा ट्रे कोपराने खाली! शेजारीच ठेवलेला, पण दिसलाच नाही. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाई धांदरट होतेच. पाचवा सरत आलाय, अजून किती धांदरट व्हायचं?

नवऱ्याने — आमच्या चष्मेबहाद्दराने — तक्त्यासमोर बसवलं, भिंगं बदलून पाहिली. शेवटची ओळसुद्धा मी धडाधड वाचली. तरी पठ्ठ्याने नंबर थोडा वाढवलाच. हल्ली रोज डोकं दुखतं, ते त्यानेच जाईल म्हणे. या गरोदरपणातला तिसरा चष्मा. घरचंच दुकान, दुसरं काय!

११ मार्च

नवा चष्मा. डोकं तेच.

१४ मार्च

तपासणीला गेले होते. डॉक्टरीणबाईंना चौकटीची गंमत सांगितली. त्या हसल्या नाहीत. माझी नजर स्वतःच्या नाकावर ठेवायला लावली, दोन्ही हात बाजूंना धरून बोटं हलवली — म्हणे! मला हातच दिसत नव्हते.

लगेच स्कॅन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आहे. गरोदरपणात ती ग्रंथी आधीच फुगते, त्यात ही. डोळ्यांच्या नसा दबल्यात. नवरा भिंतीला टेकून उभा. "मी समोरचंच तपासत राहिलो," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला. खूप आला. मग त्याचा चेहरा बघवेना.

१६ मार्च

ही गाठ गोळ्यांनी जाणारी नाही. नाकातून जाऊन काढायची — आत्ता, बाळ पोटात असतानाच! बाळंतपणापर्यंत थांबू का, विचारलं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "थांबलात तर बाळ येईल. पण ते तुम्हाला दिसेल, याची खात्री मी देत नाही."

भूल बाळाला सोसेल ना? बहुतेक सोसेल, म्हणाले. बहुतेक! तरी सही केली.

१९ मार्च

उद्या. बाळ आत नुसतं लोळतंय, त्याला काय पत्ता! घाबरलेय मी.

२४ मार्च

नाकात बोळे, श्वास तोंडाने. पण शुद्धीवर आले तेव्हा डावीकडच्या खुर्चीत सासूबाई दिसल्या — मान न वळवता! आणि पोटात एक लाथ. मला रडू फुटलं तर नर्स ओरडली, नाकावर जोर पडतो.

थोडी गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, ती हात न लावता तशीच ठेवलीय. वाढली तर पुन्हा ऑपरेशन. नजरेवर लक्ष ठेवा म्हणाले.

८ जुलै

मुलगी! सगळी दिसली, या कानापासून त्या कानापर्यंत. बापाने कान आधी बघितले, चष्मा टिकेल का म्हणून.

२० जुलै

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी नवरा मला समोर बसवतो. मी त्याच्या नाकाकडे बघायचं, तो दोन्ही हात पसरून एकेक बोट धरतो. किती? दोन. मग निर्धास्त होऊन शटर वर करतो. इतका हसरा तो कित्येक महिन्यांत नव्हता. मलाही बरं वाटतं.

९ ऑगस्ट

सकाळी मुलगी मांडीवर दूध पीत होती. तो समोर बसला. "किती?"

"दोन," मी म्हणाले.

रोज दोनच असतात. आज मला एकही दिसलं नाही.