माझ्या वाट्याचा द्राक्षारस

मी, दमयंती शमुवेल उबाळे, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार चर्चच्या आवारातली खोली, परळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहती खोली माझी नाही, म्हणून ती मला कोणाला देता येत नाही. घरोघरी बायबल शिकवणारी 'बायबलबाई' म्हणून चर्चने ती दिली. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत माझ्या मागे असलेले पुरुष पाळक झाले, मला खोली मिळाली. आई अंथरुणाला खिळलेली. पाळकपदाच्या दीक्षेबद्दल फार बोललं की कमिटी खोलीची आठवण करून द्यायची आणि मी गप्प बसायची. आई गेली तोवर गप्प बसण्याची सवयच लागली होती. जाणार तरी कुठे, सांगा!

२. पोस्टातली बचत आणि लोखंडी कपाट पुतण्या भावेश याला. कपाटाची किल्ली अडकते, जरा वर उचलून फिरवावी.

३. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून चर्च कमिटीचे सेक्रेटरी श्री. उत्तमराव सूर्यवंशी यांना नेमते. माझा दीक्षेचा अर्ज त्यांनी दर सभेला "बाई, घाई करू नका" म्हणत पुढे ढकलला. अखेर बायकांना दीक्षा देण्याचा ठराव झाला, तेव्हा तेच म्हणाले, "बाई, आता तुमचं वय बसत नाही." वा रे वा! हा कागद त्यांनी भर मंडळीत उभं राहून मोठ्याने वाचावा. चष्मा विसरलो ही सबब चालणार नाही.

४. मोठं पातेलं आणि मलमलचं फडकं तेजस्वी रणभिसे हिला. ही आमची तरुण डीकन, पाळकाच्या एक पायरी खाली. लहानपणी माझ्याच संडे स्कूलमध्ये होती. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीबरोबर घ्यायचा, द्राक्षारस मी याच पातेल्यात काळ्या मनुका उकळून करत आले. करायचा मी, मेजावर उचलून द्यायचा मात्र दीक्षा झालेल्या पाळकांनीच. आमच्या रखमाबाई ओहोळ इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होत्या, तेव्हा माझा पदर धरून म्हणाल्या, "बाई, तेवढं प्रभुभोजन द्या हो." रस माझ्या पिशवीत होता. पाळकसाहेबांना फोन केला, तर म्हणाले, "त्यांची समजूत घाला, मी सोमवारी येतो." रखमाबाई रविवारी गेल्या. रस मी घरी आणून मोरीत ओतला. त्या पाळकसाहेबांना मी अजून माफ केलेलं नाही. रोज प्रार्थनेत प्रयत्न करते, होत नाही.

५. वकील म्हणतात, मरणाआधीच्या गोष्टी मृत्युपत्रात येत नाहीत. येऊ देत. माझी एकच इच्छा आहे: शेवटचं प्रभुभोजन मला तेजस्वीच्या हातून मिळावं. तिची दीक्षा नाताळात होणार होती, मग ईस्टरला गेली, आता पावसाळ्यानंतर म्हणतात. माझे डॉक्टर पावसाळ्याचं नावही काढत नाहीत. परवा ती म्हणाली, "बाई, मीच देते ना तुम्हाला. कोण बघतंय?"

"अगं वेडे, कमिटीला निमित्तच हवंय. शिस्त मोडली म्हणून तुला जन्मभर डीकनच ठेवतील."

ती रडली. मग मीही रडले.

६. म्हणून वरची इच्छा मीच रद्द करते. दीक्षेआधी तेजस्वीने मला काहीही देऊ नये. दुसऱ्या कोणाच्या हातून मी घेणार नाही. जाईन तशीच, रखमाबाईंसारखी. माझ्यामागे कमिटी तिला ही खोली देऊ करील. तेजस्वी, घेऊ नकोस बाळा.

७. शेजारच्या मायाच्या फ्रीजरमध्ये एक बाटली ठेवली आहे. माझ्या हातचा हा शेवटचा रस, तेजस्वी पाळक म्हणून पहिल्यांदा मेजामागे उभी राहील त्या दिवसासाठी. उत्तमराव, दीक्षा हवी तेवढी पुढे ढकला. पण काही झालं तरी तो रस मोरीत ओतायचा नाही.

वरचा मजकूर माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

दमयंती शमुवेल उबाळे

साक्षीदार:
डॉ. अवधूत नाबर
माया गणपत शिर्के

(तेजस्वीला पातेलं मिळायचं आहे, म्हणून तिची सही चालत नाही. ती बाहेर व्हरांड्यात बसली आहे.)

परळ, मुंबई
दिनांक १० मार्च २०२५