बारापर्यंतची मोजणी

१२ मे

झिव्काचा फोन. "ताई, या वेळी नक्की! रालित्साच्या बारावीच्या निरोपाला उंबरठ्यावर मीच उभी असणार. तिकीट बघतेय."

बघतेय! पोर बालवर्गात होती तेव्हापासून बघतेच आहे. नवरा आधीच पळालेला, म्हणून ही माझी धाकटी बहीण पोरीला माझ्या ओटीत टाकून इटलीला गेली – कुठल्याशा म्हातारीचं हगणंमुतणं काढायला. "बालवर्ग संपेपर्यंत गं फक्त." मग म्हणाली, चौथी होऊ दे, प्राथमिक संपली की कायमची येते. चौथी झाली, छप्पर गळायला लागलं, छपरासाठी आणखी राहिली. मग सातवीची परीक्षा. पोरीला चांगल्या गिम्नॅझियममध्ये, म्हणजे आठवीपासूनच्या मोठ्या शाळेत, जागा मिळाली की येते! मिळाली. दहावीला तर साथीमुळे सरहद्दीच बंद होत्या, तेव्हा भांडायचीही सोय नव्हती. सरकारने शिक्षणाचे टप्पे आखले ते माझ्या बहिणीला तारखा पुढे ढकलता याव्यात म्हणूनच, असं मला आता वाटायला लागलंय.

आता बारावी. यापुढे टप्पाच उरला नाही. बघू.

१५ मे

बारावीची शेवटची घंटा. प्रथेप्रमाणे सगळी पोरं आपल्या पहिल्या बाईंना, म्हणजे मला, फुलं द्यायला आली. पहिली ते चौथी ही पोरं माझ्याच वर्गात. रालित्साला तेव्हा बजावलं होतं – वर्गात "बाई", घरी "मावशी". पहिलीत एकदा गडबडीत "आई" म्हणून गेली. सगळा वर्ग हसला. मी तिला फळा पुसायला लावला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

आज गुलाबी पिओनींचा गुच्छ हातात देऊन म्हणाली, "बाई, मावशी, काय ते!"

१९ मे

साहित्याचा पेपर. चांगला गेला म्हणते. जेवली नाही.

२४ मे

इटलीहून झगा आला. निळा, महागाचा. काखेत अडकला! झिव्काने माप कुठून घेतलं? तिच्या मनात पोर अजून दहावीतच असणार. म्हटलं, राहू दे, मी शिवून घेतलेला हिरवा घाल. पोर म्हणाली, "मावशी, तू उसवून दे ना. आईने पाठवलाय."

उसवला. बाजूला पट्टी लावली. रागाने टाके फार बारीक आले.

२६ मे

सकाळी फोन. म्हातारी न्हाणीघरात पडली, कंबर मोडली. झिव्का येत नाही.

मला आनंद झाला. इथे लिहायला काय हरकत आहे, हे पान कोण वाचतंय! माय मरो, मावशी जगो म्हणतात. मावशी जगून करते काय, ते कुणी विचारत नाही. ती रोज वेण्या घालते, डांग्या खोकल्यात रात्री जागवते आणि निरोपाच्या दिवशी बाजूला सरकते. आज सरकावं लागणार नव्हतं. मग पोरीचं तोंड पाहिलं आणि स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी अंगणात सगळी गल्ली. कोकराचं मटण, चीज भरलेली बानित्सा, घरची राकिया दारू. शेजारचे पेंचोकाका आपली जुनी मॉस्कविच गाडी पुसून पुसून थकले. तांब्याच्या घागरीत पाणी, पाण्यात फुलं. पोरीने बाहेर पडताना उजव्या पायाने लवंडायची, म्हणजे आयुष्य पाण्यासारखं सुरळीत वाहतं. घागर ठेवायची असते आईने. मी ती घेऊन तशीच उभी.

"ठेव की मिल्का!" पेंचोकाका ओरडले. "घागरीला काय कळतंय कोणाचा हात आहे!"

ठेवली. रालित्सा म्हणाली, "थांबा!" आणि फोन कुंडीला टेकवून उभा केला. "आई, दिसतंय ना?" काचेत झिव्का, मागे इस्पितळाची भिंत. मग पोरीने अशी लाथ मारली की पाणी माझ्या मोज्यांपर्यंत!

तेवढ्यात तिच्या वर्गाच्या गाड्या आल्या. दरवर्षी बारावीची पोरं खिडक्यांतून कमरेपर्यंत बाहेर लोंबत इयत्ता मोजतात, दरवर्षी मी कानात बोटं घालते. आज नाही घातली. एक! दोन! तीन! गल्ली दणाणली. फोनमधून झिव्काही ओरडत होती, पण फोनच रेंगाळत होता – इथे पोरं आठ म्हणत, तेव्हा तिचे सात. पोरांचे बारा झाले, भोंगे वाजले, रालित्साला घेऊन गाड्या वळल्या, मागोमाग गल्लीही गेली. आणि रिकाम्या अंगणात कुंडीपाशी तिचा एकटीचा आवाज – बारा!

मी फोन बंद केला. निरोपही घेतला नाही.

२७ मे

घागरीला पोचा आलाय. ठोकून घेणार नाही.

३ ऑगस्ट

पोरीला हॉलंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. "ख्रिसमसला येते मावशी, नक्की!"

नक्की! आमच्या घराण्याचा शब्द आहे तो.

२८ ऑगस्ट

सोफियाच्या विमानतळावर सोडून आले. रडली ती. मी नाही. परतीच्या बसमध्ये बाजूच्या माणसाने विचारलं, "मुलगी का?" हो म्हटलं. कोण तपासायला येतंय!

३१ ऑगस्ट

झिव्काची म्हातारी गेली. झिव्का येतेय. कायमची! म्हातारी आठवडाभर आधी गेली असती तर काय बिघडलं असतं? काय लिहितेय मी हे! देव क्षमा करो.

५ सप्टेंबर

आली. केस पांढरे, हात ब्लीचने सोललेले. रालित्साच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहिली, पाहुण्यासारखी. भिंतीवरच्या चित्रांना हात लावून बघत होती.

जेवताना माझा तोल गेलाच. तेरा वर्षांचं सगळं बाहेर काढलं – छप्पर, सातवी, खोकला, निळा झगा. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "खरंय ताई. पण तुला ते सगळं मिळालं. मला फक्त निरोप मिळाले, तेही फोनवर."

मी ताट उचललं.

११ सप्टेंबर

बोलत नाही आम्ही. तिने घागर घासून लख्ख केली. पोचा तसाच ठेवला.

१५ सप्टेंबर

शाळेचा पहिला दिवस. माझी नवी पहिली – एक पोर माझा स्कर्ट धरून तासभर रडली.

घरी आले. झिव्काने सूप पुढे ठेवलं, समोर बसली. बोटं चोळत होती. "ताई," म्हणाली, "पहिलीत कशी होती गं ती?"

चमचा खाली ठेवला. "एक," म्हटलं, आणि सांगायला लागले.