पावणेपाचचा पापा

ड्रायव्हरसाहेब,

चिमणी पहाटे पावणेपाचलाच उठते म्हणून महिनाभर मी काळे पडदे लावले, डॉक्टरांचं डोकं खाल्लं, तुझ्या आईची बोलणी खाल्ली. आज मुद्दाम डोळे मिटून जागी राहिले, तर काय? ड्यूटीवर निघताना तू ओल्या दाढीने तिचा पापा घेतलास आणि तिने भोकाड पसरताच चोरासारखा सटकलास! वर रोज दुपारी येऊन मलाच विचारतोस, "आज किती वाजता उठली गं?"

आम्ही दोघी ताईकडे झोप काढायला गेलोय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

उद्यापासून तिला हात लावायचा नाही. पापा घेतल्याशिवाय तुझी बस सुरूच होत नसेल, तर शेजारी मी असते. मला तसंही उठावंच लागतं.