गोगलगायींचा डबा

बयो,

आत्याकडे चाललोय, चार दिवसांनी येईन. तोवर तुझ्या चायनीज कोबीवरच्या गोगलगायी उजाडताच वेचत जा. ऊन चढलं की त्या पानांत दडतात. इतके दिवस त्या आपणहून निघून जात होत्या असं तुला वाटत असेल, तर नळामागचा डबा उघडून बघ. पाणी बुंध्याशीच घाल, वरून ओतलंस तर गड्डा सडेल.

चांगली नोकरी सोडून पाला लावत बसलीय, असं मी शेजारच्या मास्तरांसमोर बोललो. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस. आज सगळे गड्डे दाबून पाहिले, पाच घट्ट लागले. मी आल्याशिवाय कापू नकोस. पहिला गड्डा मास्तरांकडे मीच घेऊन जाणार आहे, लेकीनं लावलाय म्हणून सांगायला.

बाबा