पोपटाचा वाळलेला वेल

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हिवाळा लागला की माझं डोकं फिरतं. जुने शेजारी भेटतात आणि म्हणतात, तुझ्या वडिलांच्या हाताला काय गुण होता. होता, नाही कोण म्हणतं. जवाहरनगरच्या आपल्या फॅक्टरी-क्वार्टरपुढे फुलायचे तसे डेलिया मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत. पण त्या फुलांपायी घरात काय चालायचं, ते या शेजाऱ्यांना माहीत नाही.

दिवाळी सरली की सगळं घर तुमच्या बागेच्या दावणीला. आंघोळीच्या बादलीत खतासाठी ढेप, म्हणजे पेंड, भिजत पडायची आणि तिचा आंबूस वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. नळ सकाळी थोडाच वेळ यायचा, त्यातलं पहिलं पाणी कुंड्यांना. उरलेल्यात आईने धुणंभांडी उरकायची. फॅक्टरीची बस येईपर्यंत तुम्ही मफलर गुंडाळून एकेका झाडापाशी बसायचात, एका दांडीवर एकच कळी ठेवायचात आणि बाकीच्या खुडून टाकायचात, म्हणजे उरलेलं फूल ताटाएवढं येतं. आम्ही भावंडं आधाराच्या काड्या धरून उभी. काडी जराशी हलली की, "नीट धर ना. जेवली नाही का?" जेवलेली नसायचीच मी. घरात चहासुद्धा तुमच्या कुंड्यांनंतर व्हायचा.

एवढ्या बागेत आईचं काय होतं? मागच्या बाजूला, मोरीच्या पाण्यावर वाढलेला पोपटाचा एक वेल. वालाचीच ही जात, आपल्याकडे पोपट म्हणतात. बी तिच्या आईचं, नाकाडोंगरीहून आलेलं. आजी गेली, मामाने बांधावर पोपट लावणं सोडलं, तेव्हा ते बी फक्त आपल्या तारेच्या कुंपणावर उरलं होतं. शेंगा खाऊन झाल्या की शेवटच्या काही आई वेलावरच राखायची. पानं पिवळी पडायची, शेंगा वाऱ्यावर खडखडायच्या, वेल अगदी भिकारी दिसायचा, पण बी पक्कं होईपर्यंत ती कुणाला हात लावू द्यायची नाही. हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्ही धान पिकवणाऱ्या घरातले. बियाण्यासाठी राखलेल्या वेलाला हात लावायचा नसतो, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्हाला कळत नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

त्या वर्षी बागांच्या स्पर्धेत परीक्षक घरामागची बाजूही बघणार, अशी कुठूनशी बातमी आली. मला अजून दिसतं. आई भंडाऱ्याला बाजाराला गेलेली आहे, आणि तुम्ही स्वेटरच्या बाह्या सरसावून तो वेल ओढताय. कुंपणाची तार कुरकुरतेय. वेल वाळक्या पानांच्या ढिगावर पडतो, तुम्ही काडी ओढता, शेंगा तडतडतात. राख निवल्यावर ती तुम्ही शेवंतीच्या कुंड्यांत घातलीत. तीही वाया जाऊ दिली नाहीत.

आई आली. पिशवी खाली न ठेवताच तिने रिकाम्या कुंपणाकडे पाहिलं. "बियाचा वेल होता ना तो," ती म्हणाली. "माह्या मायचा."

"वाळून गेलता," तुम्ही मानही वर केली नाहीत. "बाजारात भेटते बी. पाहिजे तितकं आणून देतो, त्याच्यासाठी कायले रडून राहिली?"

ती आत गेली आणि तिने पोळ्या केल्या. तुम्हाला गरम वाढल्या. स्पर्धेत तुमचा पहिला नंबर आला, अभिनंदनाला आलेल्यांना तिनेच चहा दिला. बी तुम्ही कधी आणलं नाहीत, आणि आणलं असतं तरी ते तिच्या आईचं नसतंच. बियाचं जाऊ द्या. चुकलं, एवढा एक शब्द तिला हवा होता. तो तुम्ही मरेपर्यंत दिला नाहीत. तिने त्यानंतर मातीत बोट घातलं नाही, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

आई आता माझ्याकडे असते. तिला बरंच काही आठवत नाही, कधी कधी माणसंही ओळखू येत नाहीत. या हिवाळ्यात मी अंगणातला वाळलेला झेंडू उपटत होते. ती भिंत धरत धरत बाहेर आली आणि माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. "मले विचारलं काहून नाही तुमी?" ती म्हणाली. "माह्या मायचं बी होतं ते."

आई मला कधी तुम्ही म्हणत नाही. ती तुमच्याशी बोलत होती, बाबा. जन्मात पहिल्यांदा, आवाज चढवून.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

 तिने मनगट सोडलं, "असू द्या आता," म्हणाली आणि उन्हात जाऊन बसली. एवढंच तर करायचं होतं तुम्हाला. इतकं सोपं होतं ते, आणि तेही मलाच करावं लागलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तिने तुम्हाला माफ केलं. मला ते आवडलं नाही.