उरलेली एक प्रत

प्रिय नीलिमा,

तुझं पत्र पोचलं. कोलकात्याच्या त्या संग्राहकानेही तुझा सिनेमा आपल्याकडे नाही म्हणून कळवलं, आणि तू लगेच पुढचा पत्ता शोधायला बसलीस. शहात्तराव्या वर्षी नातीला, ओवीला, स्वतःचा सिनेमा दाखवायचा हा हट्ट बघून मी तुला चिडवणार होतो. गेल्या रविवारनंतर हिंमत राहिली नाही.

श्रीनाथ आणि सूनबाई कामावर गेले की मनुरेवा उपनगरातल्या या घरी मला सांभाळायला मर्ली येते. ती फिलिपिन्सची. तिने मला जवळच्या ओटाहुहु उपनगरात त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा एक जुना सिनेमा बघायला नेलं. बाकी सगळ्या प्रती गेल्या, एक कुठल्याशा परदेशी गोदामात सापडली. गोष्ट अगदी रडकी. आई पोटच्या मुलीच्या लग्नात वाढायला राबते आणि ओळख देत नाही. असल्या गोष्टींना मी हसतो, तुला ठाऊक आहे. पण मुलीच्या ताटावर वाकल्यावर त्या बाईच्या हातातला डाव तसाच राहिला आणि मी हसायचं विसरलो. फार मोठं काम केलंय तिने. मधल्या एका रिळाचा आवाज गेला होता, तर हॉलमधल्या म्हाताऱ्या बायकाच संवाद म्हणू लागल्या. वऱ्हाडात नाचताना क्षणभर मर्लीची मावशी दिसली, अठरा वर्षांची. ती माझ्या शेजारीच व्हीलचेअरमध्ये होती. पडद्याकडे बोट करून सगळ्यांना स्वतःचं नाव सांगत होती. मला तिथे बसवेना.

तुझ्या सिनेमातल्या विहिरीवरच्या प्रसंगात तू किती छान होतीस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपले अण्णा घरात त्या सिनेमाचं नाव काढू देत नसत.

नीलिमा, आता कुणाला लिहू नकोस. तुझा सिनेमा जळाला म्हणून मी सांगितलं, त्या गोदामाला आग लागलीच नव्हती. निगेटिव्ह लॅबमध्ये सडली होती, आणि उरलेली एकुलती एक प्रत भंगारात आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात आली. जुन्या फिल्मवरची चांदी आम्ही धुऊन काढायचो. तुझं लग्न ठरत होतं, आणि अण्णांनी सासरच्यांची धास्ती घेतली होती; ती प्रत धुऊन टाक, असं त्यांनीच सांगितलं. मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो. डब्यांवरचं नाव वाचून मी झाकणं उघडली आणि चौदाही रिळं कढत सोड्यात माझ्या हाताने सोडली. तुझा चेहरा सुटून गेला, कोरी पट्टी बांगड्या करणाऱ्याने नेली. आगीची गोष्ट मी रचली. अण्णा गेले, कारखानाही गेला, हे जाणणारा मी एकटाच उरलोय. मी न सांगता गेलो असतो, तर तू मरेपर्यंत शोधत राहिली असतीस.

तुझाच,
सुधाकरदादा